परदेशातनं पॉवर टूल मागवायचंय? सोलापुरात हातात पडेपर्यंतचा खरा हिशोब

अमेरिकेच्या साईटवर ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरचा कॉम्बो बघायचा, डॉलरला रुपयानं गुणायचं आणि मग पेठेतल्या हार्डवेअरवाल्याला जाऊन म्हणायचं की मालक तुम्ही लुटताय, हे आपल्याकडं लै चालतं. गुणाकार बरोबरच असतो हो, पण तो हिशोबातला पहिला आकडा असतो, त्याच्यापुढं व्होल्टेज आहे, बॅटरी आहे, खोक्याचं माप आहे, कस्टम ड्युटी आहे आणि दोन वर्षांनी आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) जळलं तर कोण भरून देणार हेपण आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे: वायरवालं जड मशीन बाहेरनं आणायच्या भानगडीत पडू नका, आणायचंच तर हलकं आणि महाग सामान आणा. किलोमागं किती रुपये वाचतायत ते बघायचं, मशीनमागं किती वाचतायत ते नाही. हे कसं बघायचं तेच खाली क्रमानं लिहिलंय.

आधी किमतीत फरक का पडतो ते समजून घ्या

अमेरिकेतल्या दुकानात किंवा साईटवर जी किंमत लावलेली असते त्यात तिथला सेल्स टॅक्स धरलेला नसतो, तो बिलिंगच्या वेळी वर लागतो आणि राज्याराज्यात वेगळा असतो. ओरेगॉन, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर इथं तो नाहीच, म्हणून पार्सल पुढं पाठवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचे पत्ते तुम्हाला ओरेगॉन नाहीतर डेलावेअरचे दिसतील. युरोपात उलटं, जर्मनीतल्या किमतीत १९ टक्के आणि इंग्लंडातल्या किमतीत २० टक्के व्हॅट आधीच मिसळलेला असतो. जपानात १० टक्के, दुबईत ५. आपल्याकडं पॉवर टूलवर १८ टक्के जीएसटी आहे आणि एमआरपीत तो धरलेला असतो. त्यामुळं तुलना करताना दोन्हीकडनं टॅक्स काढून बघा, निम्मा फरक तिथंच विरघळतो.

दुसरं म्हणजे सेल. नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडे, जूनमधे फादर्स डे, या वेळी तिकडच्या मोठ्या दुकानांत कॉम्बो जवळपास बॅटऱ्यांच्या भावात निघतात. त्यात दानधर्म काही नाही, एकदा तुमच्याकडं त्या कंपनीच्या बॅटऱ्या आल्या की पुढची सगळी मशीनं तुम्ही त्याच कंपनीची घेणार हे त्यांना पक्कं माहीत असतं. आपल्याकडं एवढा खप नाही, माल बराचसा आयात होऊन येतो, त्यामुळं कॉर्डलेसमधे फरक खरंच मोठा दिसतो.

पण वायरवाल्या साध्या मशीनमधे चित्र उलटं आहे. चार इंची ग्रायंडर, मार्बल कटर, १३ एमएमचं हॅमर ड्रिल, हे आपल्याकडं इतकं विकलं जातं की चांगल्या ब्रँडचा चार इंची ग्रायंडर दोन-तीन हजारांत मिळतो, तेवढ्यात तो बाहेरनं आणून परवडणारच नाही. आणि आपल्या शेजारी कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला केपीटीची मशीनं बनतात, हे सोलापुरातल्या कितीतरी जणांना माहीतच नसतं.

मग व्होल्टेज, याच्यात चूक झाली तर पुढचं वाचायची गरजच नाही

आपल्याकडं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानात १०० व्होल्ट. जर्मनी, ऑस्ट्रेलिया, दुबई आपल्यासारखेच २३० आणि ५०. सौदीत हर्ट्झ ६० आहे. इंग्लंडमधे घरगुती २३०च आहे पण तिथं एक सापळा आहे, बांधकामाच्या साईटवर सुरक्षेसाठी ११० व्होल्टची मशीनं वापरतात, त्यांना पिवळा गोल जाड प्लग असतो, जुन्या बाजारात ती स्वस्तात मिळतात आणि आपल्यातला कोणीतरी हौसेनं घेऊन येतो. ती इथं भिंतीतल्या सॉकेटला लावायची नाहीत.

१२० चं मशीन चालवायला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण साईज चुकते. १४०० वॉटच्या मशीनला १५०० चा ट्रान्सफॉर्मर म्हणजे रोज गरम होणार, सुरू होतानाचा झटका आणि लोड धरला तर दोन-अडीच केव्हीए, म्हणजे दोन-अडीच हजाराचा तरी घ्यावा लागतो. तो जड असतो, महाग असतो आणि हातात मशीन घेऊन शिडीवर चढायचं तर हा खाली लोढण्यासारखा. मोबाईलच्या चार्जरला लावतात तो छोटा प्लग-अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

हर्ट्झचं काय? ड्रिल, ग्रायंडर, राऊटर, जिगसॉ यात कार्बन ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर असते, तिला ५० की ६० याचा फारसा फरक पडत नाही. पण बेंच ग्रायंडर, काही टेबल सॉ, कॉम्प्रेसर, बेंच ड्रिल यात इंडक्शन मोटर असते आणि तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. अमेरिकेत ३४५० ला फिरणारी मोटर इथं साधारण २८५० ला फिरेल, शिवाय करंट जास्त ओढून तापेल, ट्रान्सफॉर्मर लावला तरी. असलं मशीन आणायचंच नाही, विषय संपला.

आता प्लग. जर्मनीचा गोल दोन जाड पिनांचा, दुबई-इंग्लंडचा चौकोनी तीन पिनांचा आणि आत १३ अँपिअरचा फ्यूज असलेला. २३० चं मशीन असेल तर इथं चांगल्या कंपनीचा १६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप बसवून घ्यायचा, दहा मिनिटांचं काम आहे. फक्त वायरचा हिरवा-पिवळा पट्टेरी अर्थिंगचा असतो, तो मोठ्या पिनला. वायर दोनच असतील तर मशीन डबल इन्सुलेटेड आहे, प्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं, त्याला अर्थिंग लागत नाही.

पाती, डिस्क, बिट बसणार का?

याच्याकडं कोणी बघतच नाही. आपला चार इंची ग्रायंडर म्हणजे १०० एमएमची डिस्क, मधलं भोक १६ एमएम, डिस्क बसते तो दांडा म्हणजे स्पिंडल एम-१०, म्हणजे १० एमएम आट्याचा. युरोपात ११५ किंवा १२५ एमएमची डिस्क, भोक २२.२३ एमएम, स्पिंडल एम-१४. अमेरिकेत साडेचार इंची आणि स्पिंडलचा आटा पाच-अष्टमांश इंची, म्हणजे आपल्याकडचा एम-१४ चा कप ब्रश किंवा बॅकिंग पॅड त्याच्यावर चढणारच नाही. पाच इंची म्हणजे १२५ ची डिस्क इथं मिळते, त्यामुळं युरोपचा ग्रायंडर चालून जातो, अमेरिकेचा डोकेदुखी होतो.

लाकडाच्या सर्क्युलर सॉचं पण तसंच, अमेरिकेत सव्वासात इंची पातं आणि भोक पाच-अष्टमांश इंची, युरोपात १९० एमएमचं आणि भोक बहुतेक ३० एमएम. राऊटरच्या कोलेटचं, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्याचं बघा, अमेरिकेत पाव इंच आणि अर्धा इंच, युरोपात ८ एमएम जास्त चालतं. आपल्याकडं बिट ६ आणि १२ एमएमचेही मिळतात, पाव आणि अर्ध्या इंचाचेही मिळतात, पण म्हणून १२ एमएमचा बिट अर्ध्या इंचाच्या कोलेटमधे घालायचा नाही, तो सैल बसतो आणि २०-२५ हजार आरपीएमला सुटला तर कुठं जाईल सांगता येत नाही. हॅमर ड्रिलमधे बिट अडकवायची एसडीएस-प्लस पद्धत मात्र जगभर एकच आहे, तिथं बिनधास्त.

कॉर्डलेस: इथं खरा फायदा आहे, पण अर्धंच आणा

बाहेरनं आणण्यासारखं काही असेल तर ते म्हणजे बिनबॅटरीचं कॉर्डलेस मशीन, ज्याला दुकानदार बेअर किंवा सोलो म्हणतात. त्याला २३० काय आणि १२० काय, ते बॅटरीवर चालतं. म्हणजे पद्धत अशी करायची, आधी इथं भारतात त्याच कंपनीचं एक किट घ्यायचं, चार्जर आणि दोन बॅटऱ्यांसकट, इथल्या बिलावर, इथल्या वॉरंटीत, आणि मग त्या बॅटरीवर चालणारी पुढची मशीनं, मल्टी-टूल, छोटा राऊटर, ब्रॅड नेलर, इथं मिळत नाहीत किंवा फार महाग पडतात ती, कोणी येणार असेल तेव्हा सोलो मागवायची. मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी बॅटरी तिकडं-इकडं एकच. डिवॉल्टच्या अमेरिकेतल्या डब्यावर २० व्होल्ट मॅक्स लिहिलेलं असतं आणि युरोपात १८ व्होल्ट एक्सआर, पण बॅटऱ्या एकमेकींच्या मशीनला बसतात, आकडा मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच.

तिकडनं अख्खं किट आणलं तर घोळ चार्जरचा होतो. अमेरिकेतला चार्जर बहुतेक वेळा फक्त १२० वर चालतो. चार्जरच्या मागं इनपुट वाचा, १०० ते २४० लिहिलेलं असेल तरच सॉकेटला लावा, नाहीतर चार्जर इथं वेगळा घ्या.

बॅटरी विमानातनं आणायची तर नियम जगभर जवळपास सारखे आहेत. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिन बॅगेतच ठेवायची. १०० वॉट-आवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० मधे एअरलाईनची आधी परवानगी लागते आणि अशा दोनच सुट्या बॅटऱ्या नेता येतात, १६० च्या वर प्रवाशाला नाहीच. वॉट-आवर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-आवर. १८ व्होल्ट ५ अँपिअर-आवर म्हणजे ९०, चाललं. ६ अँपिअर-आवर म्हणजे १०८, परवानगी काढा. ३६ व्होल्ट ४ ची १४४. बॅटरीवर हा आकडा छापलेला असतो, सिक्युरिटीवाला तोच वाचतो, त्यामुळं छापील आकडा पुसट झालेली जुनी बॅटरी आणू नका. टर्मिनलवर टेप लावा. आणि ड्रिल, सॉ, पाती हे सगळं उलट चेक-इनमधेच, केबिनमधे काढून घेतात.

सुटी बॅटरी कुरियरनं मागवणं तर मी विचारातनंच काढून टाका म्हणेन. २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातनं कार्गो म्हणून जातच नाहीत, मालवाहू विमानातनं पाठवायच्या तर चार्ज ३० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, धोकादायक मालाचे कागद वेगळे. साधा विक्रेता या भानगडीत पडत नाही, आणि जो पडल्याचं सांगतो त्याचा माल अडकतो.

आणायचं कसं

पहिला रस्ता, येणारा माणूस. आपल्याकडं प्रत्येक गल्लीतलं कोणीतरी पुण्यामार्गे अमेरिकेत नाहीतर जर्मनीत गेलेलं आहे आणि आखातात तर किती पिढ्या आहेत. भाचा संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी येणार असेल तर नोव्हेंबरच्या सेलमधे त्याच्या पत्त्यावर मागवून ठेवायचं, हे गणित छान जुळतं. त्याला फक्त तीन गोष्टी सांगा: बाहेरचं खोकं टाकून दे, बिल मोबाईलमधे नाही तर कागदावर ठेव, आणि बॅगेत मशीन कपड्यात गुंडाळ. भाच्याच्या बॅगेतलं वजनही फुकट नाही हो, त्याची आई तिकडनं येताना काय काय आणायला सांगते आणि जाताना किती किलो शेंगाचटणी भरते ते बघा, त्यामुळं सात किलोचं ब्रेकर मशीन त्याच्या गळ्यात मारू नका.

कस्टमचं म्हणाल तर परतणाऱ्या प्रवाशाला ठराविक रकमेपर्यंत ड्युटी माफ असते. २०१६ च्या बॅगेज रूल्समधे ती ५० हजार होती, हा आकडा सरकार बदलतं म्हणून निघायच्या आधी कस्टमच्या साईटवर बघायला सांगा. दोघं नवरा-बायको आले म्हणून दोघांची माफी जोडून एका महागड्या मशीनला लावता येत नाही, हे लक्षात ठेवा. माफीच्या रकमेच्या वर गेलं तर रेड चॅनलला, म्हणजे ड्युटी भरणाऱ्यांच्या रांगेत जाऊन भरायचं, लपवायचं नाही.

जर्मनीहून येणाऱ्याचं अजून एक. जो युरोपात राहत नाही, फिरायला किंवा कामाला थोडे दिवस गेलाय, त्याला ५० युरोच्या वरच्या खरेदीवर व्हॅट परत मागता येतो, दुकानातनं फॉर्म घेऊन एअरपोर्टवर कस्टमचा शिक्का मारून. तिथं नोकरीला राहणाऱ्याला हा मिळत नाही. दुबईत पण पर्यटकांसाठी २५० दिरहमच्या वरच्या बिलावर तशी सोय आहे. इंग्लंडमधे २०२० अखेर ती बंद केली.

दुसरा रस्ता, कुरियर किंवा पार्सल पुढं पाठवणारी कंपनी. ते तुम्हाला तिकडचा एक पत्ता देतात, तुम्ही ऑर्डर तिथं टाकायची, ते एकत्र करून भारतात पाठवतात. इथं सगळा खेळ खोक्याच्या मापाचा आहे. मोठ्या कुरियर कंपन्या लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटीमीटरमधे, भागिले ५००० असं वजन काढतात आणि खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. ४५ बाय ३५ बाय २० च्या प्लॅस्टिक केसमधलं मशीन खरं ४ किलोचं असलं तरी हिशोबात ६.३, म्हणजे साडेसहाचे पैसे. तेच सोलो मशीन, केस नाही, १.८ किलोचं, ३० बाय २० बाय १० च्या खोक्यात, तर दोन किलोत बसतं. म्हणून ऑर्डर देतानाच बिनकेसचं घ्या आणि रिपॅकिंगची सोय असेल तर ती घ्या.

चीनच्या साईटवरनं थेट मागवायचं म्हणणाऱ्यांसाठी, अलीएक्सप्रेस २०२० पासून भारतात बंद आहे. त्या नावानं कोणी मधला माणूस माल आणून देतो म्हणत असेल तर त्याच्याकडं आधी बिल मागावं.

आता हिशोब मांडू

हिशोबाला सोपं म्हणून डॉलर ९० चा धरू, आणि कुरियर किलोला ८ डॉलर. मशीन १५० डॉलरचं, वर सांगितलेल्या मोठ्या केसमधलं.

मशीन १३,५०० रुपये. कुरियर साडेसहा किलो, ५२ डॉलर, म्हणजे ४,६८०. कस्टम ड्युटी मशीनच्या किमतीवर नसते, किंमत अधिक भाडं अधिक इन्शुरन्स यावर असते. विमानानं आलेल्या मालाचं भाडं कस्टमच्या हिशोबात मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, म्हणजे इथं २,७०० च. इन्शुरन्सचा आकडा दिला नसेल तर १.१२५ टक्के धरतात, १५२ रुपये. झाले १६,३५२. यावर आधी मूळ ड्युटी लागते आणि मग ड्युटी मिळवून जी रक्कम होते तिच्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे टॅक्सवर टॅक्स. दर बजेटला हलतात, खाजगी वापरासाठी आलेल्या पार्सलचा दर वेगळा असतो, म्हणून उदाहरणापुरतं सगळं मिळून ४० टक्के धरू. ६,५४१ रुपये. डॉलरचा भाव कस्टम स्वतः जाहीर केलेला लावतं, गुगलवरचा नाही.

पुढं बँकेचं कार्ड. परदेशी व्यवहारावर बरीच कार्डं ३ टक्क्यांच्या आसपास मार्कअप लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ६४३. कुरियर कंपनी तुमच्या वतीनं ड्युटी भरते त्याची फी घेते, ६०० धरा. बेरीज २५,९६४.

म्हणजे १३,५०० चं मशीन २६ हजाराला पडलं. तेच इथं २० हजाराला मिळत असेल आणि तुमचं वर्कशॉप जीएसटीत रजिस्टर असेल तर त्यातले ३,०५१ रुपये इनपुट क्रेडिट म्हणून परत, खरी किंमत १६,९४९. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला माणूस हे गणित एका मिनिटात करतो, पण घरगुती हौशी माणूस करत नाही आणि तोच जास्त मागवतो, गंमत आहे.

आता सोलो मशीन, १०० डॉलर, ८ टक्के सेल्स टॅक्स, भाच्याच्या बॅगेत. ९,७२०. माफीच्या रकमेत बसलं तर विषय तिथंच संपला. किलोमागं बचत म्हणालो ती ही.

कागद

कुरियरवाले आधार किंवा पॅन मागतात, केवायसी आहे, द्या, पण त्यांच्या अधिकृत साईटवरच अपलोड करा, व्हॉट्सअपवर आलेल्या लिंकवर नाही. ड्युटी भरा नाहीतर पार्सल परत जाईल असे खोटे मेसेज फिरतात, ट्रॅकिंग नंबर स्वतः टाकून बघा.

गिफ्ट लिहिलं की ड्युटी लागत नाही, हे अजून ऐकू येतं. ५ हजारांपर्यंतच्या गिफ्टची ती सवलत डिसेंबर २०१९ मधे काढली, राखीसारखे एखाद-दोन अपवाद ठेवून. आणि विक्रेत्याला बिलावर कमी किंमत लिहायला सांगू नका, साईटवर किंमत सगळ्या जगाला दिसते, अधिकारी ती बघतात, दंडाचं सोडा पण माल अडकला की रोजचं भाडं चढत जातं. इन्शुरन्सही बिलावरच्या खोट्या किमतीइतकाच मिळतो.

स्वतःला एक-दोन मशीनं मागवणं वेगळं आणि आणून विकणं वेगळं. विकायचं असेल तर आयात-निर्यातीचा आयईसी कोड काढा, माल कस्टमच्या यादीतल्या ८४६७ या शीर्षकाखाली रीतसर आणा, एखादा कस्टम ब्रोकर गाठा.

दुरुस्तीचा विचार

वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात घेतलं तिथलीच. तिकडं तीन वर्षांची असली तरी इथलं सर्व्हिस सेंटर हात लावत नाही, लावलं तर पैसे घेऊन. आपल्याकडं पॉवरलूममुळं मोटर वाइंडिंगवाले भरपूर, आर्मेचर भरून देतील, पण गिअर, स्विच, फिल्ड कॉइल हे इथं चालणाऱ्या मॉडेलचंच पेठेत मिळतं. म्हणून ऑर्डर देण्याआधी मॉडेल नंबर घेऊन सर्व्हिसवाल्याकडं जा आणि कार्बन ब्रश, स्विच, आर्मेचर या तिन्हीचे भाव विचारा. तोंड वेंगाडलं की समजा. मागवलंच तर कार्बनचे दोन जोड त्याच पार्सलमधे टाका, त्याला वजन काहीच नसतं.

मग काय मागवावं

चांगले राऊटर बिट, जपानी पुल-सॉ, डोव्हेल जिग, फोर्स्टनर बिट, मापं घ्यायची अचूक साधनं, सॉचं उत्तम पातं भोकाचं माप बघून, सोलो कॉर्डलेस. ही यादी हलकी आहे, व्होल्टेजचा प्रश्न नाही आणि खराब होण्यासारखं फार काही नाही. जर्मनीचं २३० चं ट्रॅक सॉ किंवा सँडर, इथं पर्यायच नसेल आणि त्याच्यावर धंदा चालणार असेल तर आणा, दुरुस्तीची तयारी ठेवून. ग्रायंडर, मार्बल कटर, ब्रेकर, वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर, बेंचवरची सगळी मशीनं इथंच घ्या.

पार्सल आलं की फोडताना सलग व्हिडिओ काढा, लेबलपासनं. सॉकेटला लावायच्या आधी नेमप्लेट वाचा, बॉक्सवरचं नाही, मशीनवरचं. ड्युटी भरल्याची पावती आणि बिल एका पाकिटात ठेवा, पुढं विकायचं झालं तर घेणारा तेच मागतो. बॅटऱ्या मात्र एप्रिल-मेमधे गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, आपल्या उन्हात ४२-४३ च्या पुढं पारा गेला की बंद डिक्कीत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.